जुन्या राउटरवर नवं फर्मवेअर: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

गेल्या अंकात जुन्या राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी, म्हणजे कंपनीच्या फर्मवेअरऐवजी चालणारं लिनक्सवर आधारलेलं मोफत फर्मवेअर, टाकण्याबद्दल एक छोटी चौकट होती. त्यावर आलेली पत्रं बहुतेक एकाच जातीच्या राउटरबद्दल आहेत: ४ एमबी फ्लॅश आणि ३२ एमबी रॅम, म्हणजे बोलीभाषेत ‘४/३२’. टीपी-लिंकचे डब्ल्यूआर७४०एन, डब्ल्यूआर८४१एन, एमआर३४२० हे सगळे त्यातलेच. या राउटरना दोन वेगवेगळ्या टंचाया आहेत, फ्लॅशची (वीज गेली तरी टिकणारी साठवण) आणि रॅमची (चालू असतानाची कामाची जागा), आणि एकीचा उपाय दुसरीला लागू पडत नाही. खालचे निम्मे प्रश्न त्या घोळातून आलेले आहेत.

प्रश्न: माझ्याकडे डब्ल्यूआर८४१एन आहे, खालच्या लेबलवर व्हर्जन ९.२ लिहिलंय. ओपनडब्ल्यूआरटी २४.१० टाकायचं आहे, पण माझ्या मॉडेलची फाइलच सापडत नाही. कुठे मिळेल?
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर: कुठेच नाही, कारण ती काढलेलीच नाही. ४/३२ राउटरसाठी शेवटची अधिकृत आवृत्ती १९.०७.१०, एप्रिल २०२२ ची. २१.०२ पासून किमान अट ८ एमबी फ्लॅश आणि ६४ एमबी रॅम अशी झाली. आता तर ८/६४ वाल्यांनाही ‘जपून’ असा इशारा असतो आणि १६/१२८ घ्या असं सुचवलं जातं.

यात मॉडेलवर कुणाचा राग नाही, हिशेबच बसत नाही. ४ एमबी म्हणजे ४०९६ केबी. त्यातले पहिले १२८ केबी बूटलोडरचे, म्हणजे वीज येताच सर्वांत आधी चालणाऱ्या छोट्या प्रोग्रामचे, आणि शेवटचे ६४ केबी एआरटीचे, म्हणजे वायफाय रेडिओच्या कॅलिब्रेशनचे. या दोन्हींना हात लावायचा नसतो. उरले ३९०४ केबी. कर्नल (सिस्टिमचा गाभा), सगळे प्रोग्राम आणि तुमच्या सेटिंग्ज एवढ्यातच बसवायच्या. १९.०७ मध्ये कर्नल ४.१४ होता, २१.०२ मध्ये ५.४, २२.०३ मध्ये ५.१०, २३.०५ मध्ये ५.१५ आणि २४.१० मध्ये ६.६. दर पायरीला तो फुगत गेला. शिवाय २१.०२ पासून डब्ल्यूपीए३ आणि एचटीटीपीएस मुळातच सामील झाले, म्हणजे त्यांच्यासाठी एक क्रिप्टो लायब्ररी (सांकेतिकीकरणाचा तयार कोड) आली. रॅमचं तेच. ३२ एमबीपैकी कर्नलनं स्वतःचं काढून घेतलं की ‘फ्री’ ही कमांड १९.०७ वर एकूण २७-२८ एमबीच दाखवते, आणि पुढच्या आवृत्त्यांत आकडा आणखी घसरतो.

(ओपनडब्ल्यूआरटीचा जन्म ज्या लिंकसिस डब्ल्यूआरटी५४जी वर झाला, त्याच्या जुन्या प्रतींत ४ एमबी फ्लॅश आणि १६ एमबी रॅम होती. त्या काळी ती पुरली.)

तुमच्यापुढे तीन वाटा आहेत: १९.०७.१० टाकून थांबणं, २२.०३ किंवा २३.०५ ची कातरलेली इमेज (फ्लॅशवर चढवायची फर्मवेअरची फाइल) स्वतः बांधणं, किंवा राउटरकडून राउटरचं काम काढून घेऊन त्याला नुसता अ‍ॅक्सेस पॉइंट, म्हणजे फक्त वायफाय पुरवणारा, करणं. आमचं मत तिसऱ्या वाटेकडे झुकतं. त्याची कृती पुढे दिली आहे.

मूळ टीपी-लिंक फर्मवेअरच्या पानावरून ओपनडब्ल्यूआरटीची ‘फॅक्टरी’ फाइल देताना तिचं लांबलचक नाव बदलून दोन-चार अक्षरांचं करा. या मॉडेलचं अपग्रेडचं पान लांब नावाची फाइल नाकारतं, आणि लोक दुसरी फाइल शोधत बसतात.

प्रश्न: इमेज बिल्डर या तयार तुकडे जोडणाऱ्या साधनानं ८४१एन व्ही९ साठी २२.०३ ची इमेज बनवली. छान चालते. पण लाइट गेली की वायफायचं नाव, पासवर्ड सगळं पुसून कोरं होतं. फ्लॅश खराब झाली असेल का?
— एक वाचक, पुणे

उत्तर: फ्लॅश धडधाकट आहे. तुमची इमेज मोठी झाली आहे.

ओपनडब्ल्यूआरटीत प्रोग्राम स्क्वॉशएफएस या फक्त-वाचता-येणाऱ्या भागात असतात. त्यामागे जी जागा उरते तिच्यावर जेएफएफएस२ ही फाइलप्रणाली बसते आणि सेटिंग्ज तिथे लिहिल्या जातात. या चिपवर पुसण्याचा एकेक ठोकळा ६४ केबीचा असतो आणि जेएफएफएस२ ला किमान पाच ठोकळे लागतात. तेवढे नसतील तर ती बसायलाच नकार देते. मग सिस्टिम गुपचूप रॅममध्ये तात्पुरती जागा करते आणि तुमच्या सेटिंग्ज तिथे ठेवते. वीज गेली की रॅम रिकामी, सेटिंग्ज गायब. कर्नल लॉगमध्ये ‘टू फ्यू इरेज ब्लॉक्स’ अशी ओळ आणि पुढे कंसात आकडा दिसेल. ‘डीएफ’ कमांडनं पाहिलं तर ओव्हरलेच्या, म्हणजे सेटिंग्जच्या थराच्या, जागी टीएमपीएफएस ही रॅममधली जागा दिसेल.

आता गणित. ३९०४ केबी म्हणजे ६४ केबीचे ६१ ठोकळे. पाच सोडले तर इमेजला ५६ मिळतात, म्हणजे ३५८४ केबी. इमेज ३६५० केबीची असेल तर मागे २५४ केबी उरतात. त्यात पूर्ण ठोकळे तीनच. वरची शिल्लक कामाची नाही. नेमके पाच ठेवूनही भागत नाही, कारण जेएफएफएस२ जुना कचरा आवरण्यासाठी त्यातले काही स्वतःकडे राखून ठेवते. म्हणून सात-आठ ठोकळे मोकळे राहतील असं पाहा: इमेज ३४०० केबीच्या आत. आकार पाहायचा तो ‘सिसअपग्रेड’ फाइलचा, म्हणजे आधीच ओपनडब्ल्यूआरटी असलेल्या राउटरवर चढवायच्या फाइलचा. फॅक्टरी फाइल शेवटपर्यंत भरून काढलेली असते, तिच्या आकारावरून काही कळत नाही.

जागा कुठून काढायची? पहिला वार डब्ल्यूपीएडीवर, म्हणजे वायफाय आणि त्याची सुरक्षा सांभाळणाऱ्या प्रोग्रामवर. २१.०२ नंतर जी मुळातली प्रत येते ती डब्ल्यूपीए३ साठी क्रिप्टो लायब्ररी ओढून आणते. तिच्याऐवजी ‘डब्ल्यूपीएडी-मिनी’ घेतलं की लायब्ररीही जाते. डब्ल्यूपीए३ गमावाल, डब्ल्यूपीए२ राहील. दुसरा वार लुसीवर, म्हणजे ब्राउझरमधल्या पानांवर. ती काढलीत तर सगळं एसएसएचवरून, म्हणजे दुसऱ्या संगणकावरून कमांड टाइप करून, करावं लागेल, पण फ्लॅश आणि रॅम दोन्ही सुटतात. तिसरा ओपीकेजी, म्हणजे पॅकेज टाकणारा प्रोग्राम. नवीन काही टाकायला जागाच नसताना तो ठेवून करायचं काय? आयपीव्ही६ घरात येत नसेल तर त्याची ओडीएचसीपी६सी आणि ओडीएचसीपीडी ही पॅकेजं काढा. पीपीपी (युजरनेम-पासवर्ड देऊन इंटरनेटची लाइन जोडणारं पॅकेज) मात्र विचार करून काढा, पुढचा प्रश्न त्याचाच आहे.

इमेज बिल्डरमध्ये तयार कर्नल येतो, तो बदलता येत नाही. कर्नलही कातरायचा असेल तर स्रोतातून बांधा: लिनक्स मशीन, १०-१५ जीबी मोकळी डिस्क. लक्ष्य (राउटरच्या चिपचं घराणं) एटीएच७९, उपलक्ष्य ‘डिव्हायसेस विथ स्मॉल फ्लॅश’, मग तुमचं मॉडेल. हे उपलक्ष्य निवडलं की कर्नलची चिन्हतालिका, क्रॅश लॉग आणि स्वॅप आधीच बंद असतात. एक धोका ध्यानात ठेवा. स्वतः बांधलेल्या कर्नलवर अधिकृत भांडारातली कर्नल मॉड्यूल्स बसत नाहीत, कारण कर्नलची खूण जुळत नाही. जे लागेल ते बांधतानाच आत घ्या.

स्क्वॉशएफएसच्या ब्लॉकचा आकार वाढवून जागा काढण्याची युक्ती बरेच जण सुचवतात. कमी रॅमच्या लक्ष्यांना तो ६४ केबी असतो, सर्वसाधारणपणे २५६. वाढवला की दाब चांगला बसतो आणि फ्लॅश वाचते हे खरं. पण एवढीशी फाइल वाचायलाही तेवढा मोठा ब्लॉक रॅममध्ये उलगडावा लागतो. ३२ एमबीवर हा सौदा तोट्याचा आहे.

प्रश्न: तुमच्यासारख्याच कुणीतरी दिलेली ‘कमीत कमी’ इमेज टाकली. आता केबलवाल्याचं युजरनेम-पासवर्ड टाकायची जागाच दिसत नाही. इंटरनेट बंद.
— एक वाचक, कुडाळ

उत्तर: इमेज बांधणाऱ्याच्या घरी पीपीपीओई, म्हणजे युजरनेम-पासवर्डनं लागणारी लाइन, नसावी. त्यानं पीपीपीची पॅकेजं काढून टाकली. आपल्याकडे गावोगावच्या केबल-इंटरनेटवाल्यांचं बहुतेक काम पीपीपीओईवरच चालतं, त्यामुळे परदेशात बांधलेल्या हलक्या इमेजवर ही तक्रार ठरलेलीच. इमेजमध्ये पीपीपी आणि पीपीपी-मॉड-पीपीपीओई हवेत, लुसी ठेवली असेल तर तिचं पीपीपीचं पूरक पॅकेजही. त्याबरोबरची कर्नल मॉड्यूल्स आपोआप येतात.

इमेज बदलल्यावरही लाइन लागली नाही तर मॅक पत्ता (प्रत्येक यंत्राचा स्वतःचा नेटवर्क क्रमांक) तपासा. अनेक केबलवाले जोडणी मॅकला बांधतात. जुना मॅक वॅन (इंटरनेटकडच्या) इंटरफेसवर टाका, किंवा त्यांना फोन करून नवा नोंदवून घ्या. लाइन लागली पण काही साइट अर्धवट उघडतात, असं झालं तर एमटीयू (डेटाच्या एका पाकिटाचा कमाल आकार) १४९२ आहे ना पाहा आणि फायरवॉलच्या वॅन झोनमध्ये एमएसएस क्लॅम्पिंग (पाकिटं त्या मापात बसवणं) चालू ठेवा. ते मुळात चालू असतं, पण कॉपी-पेस्ट केलेल्या कॉन्फिगमध्ये नेमकं तेच गळलेलं असतं.

प्रश्न: १९.०७ वर दिवसभर ठीक असतं. संध्याकाळी सगळे घरी आले, पाच-सहा फोन आणि टीव्ही लागला, की वायफाय अचानक नाहीसं होतं आणि मिनिटभरात परत येतं. कधी कधी राउटरच रीस्टार्ट होतो. अडॅप्टर बदलून पाहिला.
— एक वाचक, नाशिक

उत्तर: अडॅप्टर बदललात हे बरं केलंत, ते एक खरंखुरं कारण असतं. पण वर्णन रॅम संपल्याचं आहे. रॅम संपली की कर्नल कुणातरी प्रोग्रामला मारून जागा करतो. बळी वायफाय चालवणारा हॉस्टएपीडी असेल तर वायफाय जातं, साइटची नावं आणि आयपी पत्ते पुरवणारा डीएनएसमास्क असेल तर ‘कनेक्टेड, नो इंटरनेट’ दिसतं. मग सिस्टिमच मेलेल्याला पुन्हा उभं करते, म्हणून मिनिटभरात सगळं परत येतं. खात्रीसाठी ‘लॉगरीड’ मध्ये ‘आउट ऑफ मेमरी’ शोधा. शेजारी मारलेल्या प्रोग्रामचं नाव असतं. पूर्ण रीस्टार्ट झाला असेल तर लॉगही रॅमसोबत गेलेला असतो. त्यासाठी लॉग घरातल्या एखाद्या संगणकाकडे पाठवायची सोय करा. सिस्टिमच्या सेटिंग्जमध्ये रिमोट लॉग सर्व्हरचा पत्ता देता येतो.

रॅम खाणारे कोण? जोडण्यांची यादी, म्हणजे कॉनट्रॅक. तिची कमाल मर्यादा १६,३८४ नोंदी असते. एकेक नोंद तीनशे बाइटची धरली तरी यादी भरली की पाच एमबीच्या आसपास गेले. एक टॉरेंट चालू असेल तर ती भरायला वेळ लागत नाही. सिसकंट्रोलच्या, म्हणजे कर्नलच्या सेटिंग्जच्या, फाइलमध्ये ही मर्यादा ४०९६ करा. स्थापित टीसीपी जोडणीची मुदत ७४४० सेकंद असते, ती ३६०० वर आणली तरी घरगुती वापरात बिघडत नाही.

दुसरं, टीएमपी फोल्डर म्हणजे रॅमच. ओपीकेजीची यादी ताजी केलीत की सगळ्या याद्या तिथे उतरतात आणि रीस्टार्टपर्यंत तिथेच बसतात. म्हणून ‘नुसतं अपडेट केलं आणि नंतर राउटर अडखळायला लागला’ ही तक्रार इतकी ऐकू येते. काम झालं की त्या याद्या पुसा. डीएनएसमास्कला लाखभर नावांची जाहिरात-रोधक यादी खाऊ घालायची हौस ३२ एमबीवर करू नका. ती यादी एकटीच राउटर खाली बसवते.

तिसरं, लुसीचं पान उघडं ठेवून आलेख बघत बसू नका. आलेख चालू राहिला की वेब सर्व्हर आणि त्याला माहिती पुरवणारा आरपीसीडी दोघंही सतत जागे राहतात.

झेडरॅम हा उपाय सगळे सांगतात: रॅमचाच एक तुकडा दाबून भरायचा आणि स्वॅप म्हणून वापरायचा. चालतो, पण वर म्हटलं तसं छोट्या फ्लॅशच्या इमेजमध्ये कर्नलचा स्वॅपच बंद असतो. तेव्हा अधिकृत इमेजवर झेडरॅमचं पॅकेज टाकून उपयोग नाही. स्वतः बांधताना कर्नलमध्ये स्वॅप चालू करा, मग झेडरॅम-स्वॅप घ्या. आकार न सांगितल्यास ते रॅमच्या निम्मा घेतं. आम्ही ८ एमबी सुचवू, आणि दाबण्याची पद्धत एलझेडओ, कारण ५५० मेगाहर्ट्झच्या प्रोसेसरला त्याहून जड पद्धत झेपत नाही. झेडरॅम अधूनमधूनची टंचाई निभावतं. कायमची टंचाई असेल तर राउटर मरत नाही, रांगतो.

१९.०७ मध्ये फायरवॉलचं सॉफ्टवेअर फ्लो ऑफलोडिंगही आहे, पण त्यानं प्रोसेसरचा भार हलका होतो, रॅम नाही. वेग कमी पडत असेल तर ते लावा. तुमची तक्रार वेगळी आहे.

६४ एमबी रॅमच्या दोन-बँड राउटरवर हीच लक्षणं दिसत असतील आणि ५ गिगाहर्ट्झचा ड्रायव्हर एटीएच१०के असेल, तर त्याची ‘सीटी-स्मॉलबफर्स’ नावाची प्रत घ्या. बफर लहान झाले की बराच श्वास मिळतो.

प्रश्न: नवी इमेज राउटरवर कॉपीच होत नाही. एसएसएच म्हणतं ‘नो मॅचिंग होस्ट की टाइप’. ते कसंबसं जमवलं तर फाइल कॉपी करणारं एससीपी म्हणतं एसएफटीपी-सर्व्हर सापडत नाही. शेवटी कॉपी झाली, पण सिसअपग्रेड दिल्यावर राउटर तसाच जुन्या फर्मवेअरसह परत आला!
— एक वाचक, बेळगाव

उत्तर: तीन वेगळे आजार एकाच रात्री भेटले तुम्हाला.

पहिला: संगणकावरच्या ओपनएसएसएचनं २०२१ मध्ये, ८.८ आवृत्तीत, जुनी एसएसएच-आरएसए सही बंद केली. १९.०७ मधल्या ड्रॉपबेअर या एसएसएच सर्व्हरला नवीन प्रकारची सही येत नाही. जोडताना ‘होस्टकी अल्गोरिदम्स’ या पर्यायात अधिक-चिन्ह लावून एसएसएच-आरएसए द्या. तेही त्या एका पत्त्यापुरतं द्या, सरसकट नको.

दुसरा: ओपनएसएसएच ९.० पासून एससीपी आतून एसएफटीपी वापरतं आणि ओपनडब्ल्यूआरटीत एसएफटीपी सर्व्हर नसतो. एससीपीला कॅपिटल ‘ओ’ हा पर्याय दिला की ते जुन्या पद्धतीनं कॉपी करतं. विनएससीपी वापरत असाल तर प्रोटोकॉल एसएफटीपीऐवजी एससीपी निवडा.

तिसरा पुन्हा रॅमचा. इमेज टीएमपीत ठेवली की साडेतीन एमबी गेले. त्यावर सिसअपग्रेड स्वतःला लागणारे प्रोग्राम रॅममध्ये उचलतं, मगच फ्लॅश सोडतं. मधेच रॅम संपली की राउटर रीस्टार्ट होतो. लिहायला सुरुवात व्हायच्या आधी झाला तर जुनं फर्मवेअर शाबूत, म्हणून तुम्ही वाचलात. पुढच्या वेळी कॉपी करण्याआधी वायफाय बंद करा, वेब सर्व्हर, डीएनएसमास्क आणि ओडीएचसीपीडी थांबवा, कॅशे सोडवा, आणि ‘फ्री’ पाहा. इमेज चढवल्यावरही चार-पाच एमबी मोकळे दिसले पाहिजेत. डीएनएसमास्क थांबवण्याआधी संगणकाला स्थिर आयपी द्या, नाहीतर मधेच तुमचाच पत्ता जाईल. त्याच चिपांच्या जुन्या एआर७१एक्सएक्स लक्ष्याच्या इमेजवरून एटीएच७९ वर जात असाल तर जुन्या सेटिंग्ज सोबत नेऊ नका. दोन्हींतली नावं जुळत नाहीत.

८४१एन व्ही९ वाल्यांना आम्ही सरळ टीएफटीपीनं (केबलवरून फाइल ओढण्याची साधी पद्धत, कृती पुढच्या उत्तरात) चढवायला सांगतो. ते काम बूटलोडर करतो. लिनक्स सुरूच झालेलं नसतं, त्यामुळे रॅमचा प्रश्नच नाही.

प्रश्न: चुकीची फाइल टाकली. आता सगळे दिवे एकदम लागतात, विझतात, पुन्हा लागतात. भंगारात द्यायचा का?
— एक वाचक, मडगाव

उत्तर: मॉडेल ८४१एन असेल आणि व्हर्जन ८ किंवा त्यापुढचं (९, १०, ११) असेल तर अजिबात नको.

संगणकाला स्थिर आयपी १९२.१६८.०.६६ द्या, मास्क २५५.२५५.२५५.०. वायफाय आणि फायरवॉल बंद. टीएफटीपी सर्व्हर सुरू करा, विंडोजवर टीएफटीपीडी६४ चालतो. फाइलचं नाव असं हवं: डब्ल्यूआर८४१एनव्ही९, अंडरस्कोर, टीपी, अंडरस्कोर, रिकव्हरी, डॉट, बिन. इंग्रजीत, सगळी अक्षरं लहान, मध्ये मोकळी जागा नाही. व्ही९ च्या जागी तुमचं व्हर्जन. ९.२ असेल तरी ९ च. केबल राउटरच्या लॅन पोर्टमध्ये. रीसेटचं बटण दाबून धरा, तसंच धरून वीज द्या, आठ-दहा सेकंदांनी सर्व्हरच्या खिडकीत फाइल ओढली जाताना दिसली की सोडा. मग तीन मिनिटं हात लावू नका.

फाइल ओढलीच जात नाही, तेव्हा दोष बहुधा संगणकाकडे असतो. राउटर बंद असताना विंडोज नेटवर्क पोर्ट ‘तुटलेला’ मानतं, आणि तो पुन्हा उभा राहीपर्यंत बूटलोडर वाट बघून कंटाळलेला असतो. दोघांच्या मध्ये कुठलाही साधा स्विच टाका, संगणकाचा पोर्ट जागा राहतो.

टीपी-लिंकच्या मूळ फर्मवेअरवर परत जाताना फाइलच्या नावात ‘बूट’ हा शब्द आहे का, ते दोनदा पाहा. असेल तर तिच्या सुरुवातीला बूटलोडरही चिकटलेला आहे. तशीच चढवली तर तो फर्मवेअरच्या जागी जाऊन बसतो. सुरुवातीचे १,३१,५८४ बाइट कापा. ‘डीडी’ कमांडला ५१२ बाइटचे २५७ ठोकळे वगळायला सांगितलं की नेमके तेवढेच जातात.

८४१एन व्ही७ पर्यंत आणि ७४०एन व्ही४ मध्ये ही बटणाची सोय नाही. तिथे राउटर उघडून सीरियल, म्हणजे बूटलोडरशी थेट बोलणारी तार, जोडावं लागतं: ३.३ व्होल्टचा यूएसबी-टीटीएल अडॅप्टर, वेग १,१५,२००. ७४०एन चा बूटलोडर एक सेकंदच थांबतो. त्या सेकंदात ‘टीपीएल’ ही तीन अक्षरं जायला हवीत, तर तो कमांड घेतो. अक्षरं आधीच कॉपी करून ठेवा आणि वीज देताच चिकटवत राहा.

प्रश्न: जुन्या लॅपटॉपच्या रॅमवरची चिप काढून राउटरला लावली तर ६४ एमबी होतात म्हणे. खरं का? फ्लॅशही बदलता येईल का?
— डिप्लोमाचा एक विद्यार्थी, सांगली

उत्तर: खरं आहे. डीडीआर१ चिप असलेल्या राउटरवर ३२ एमबीची, म्हणजे २५६ मेगाबिटची, १६ बिट रुंद, ६६ पायांची चिप असते. त्याच मापाची ५१२ मेगाबिटची चिप, उदाहरणार्थ हायनिक्सची एचवाय५डीयू१२१६२२ किंवा सॅमसंगची के४एच५११६३८, जुन्या डीडीआर१ लॅपटॉप रॅमवर मिळते. सगळ्या पट्ट्यांवर नाही, काहींवर ८ बिट रुंद चिपा असतात. क्रमांक वाचूनच काढा. हॉट एअर, भरपूर फ्लक्स, पायांतलं अंतर ०.६५ मिमी. बसवल्यावर भिंगाखाली प्रत्येक पाय तपासा. दोन पाय चिकटले तर बूटलोडर एक अक्षरही बोलणार नाही.

लिनक्स मेमरीचा आकार स्वतः चाचपून घेतं, पण त्याआधी बूटलोडरनं मेमरी कंट्रोलर नव्या चिपला जुळवून लावलेला लागतो. म्हणून आधी सीरियल जोडा, मग चिपला हात लावा.

फ्लॅश बदलणं तुलनेनं सोपं: आठ पायांची एसपीआय चिप, डब्ल्यू२५क्यू६४ म्हणजे ८ एमबी किंवा डब्ल्यू२५क्यू१२८ म्हणजे १६ एमबी. जुनी चिप सीएच३४१ए प्रोग्रॅमरनं पूर्ण वाचा, दोनदा, आणि दोन्ही फाइली हुबेहूब जुळतात ना पाहा. काळ्या रंगाच्या स्वस्त सीएच३४१ए वर डेटा लाइनना ५ व्होल्ट जातात आणि या चिपा ३.३ व्होल्टच्या आहेत. तो दोष दुरुस्त करून मगच वापरा. नव्या चिपवर सुरुवातीला जुन्याचे पहिले १२८ केबी, अगदी शेवटी जुन्याचे शेवटचे ६४ केबी. हे शेवटचे ६४ केबी तुमच्याच राउटरचे हवेत. दुसऱ्याचे टाकलेत तर वायफाय दिसेल, पण कॅलिब्रेशन परक्या रेडिओचं असेल आणि पल्ला कमी भरेल. मग डिव्हाइस ट्रीमध्ये (राउटरच्या हार्डवेअरचं वर्णन करणाऱ्या फाइलमध्ये) फर्मवेअरचा विभाग आणि एआरटीची जागा नव्या आकारानुसार बदलून इमेज बांधायची. ८ एमबीवर फर्मवेअरला ८००० केबी मिळतात.

शिकण्यासाठी करायचं असेल तर जरूर करा. पैसे वाचवण्यासाठी नको. दोन्ही चिपा बदलूनही हाती येतं ते १०० एमबीपीएस पोर्टचं, फक्त २.४ गिगाहर्ट्झचं यंत्र.

प्रश्न: एमआर३४२० व्ही२ ला यूएसबी आहे. पेन ड्राइव्ह लावून जागेचा प्रश्न सुटेल ना?
— एक वाचक, लातूर

उत्तर: फ्लॅशचा सुटेल, रॅमचा नाही. पेन ड्राइव्हवर ओव्हरले नेण्याला एक्सटरूट म्हणतात. त्यासाठी ब्लॉक-माउंट, यूएसबी-स्टोरेज आणि ईएक्सटी४ ची मॉड्यूल्स मूळ इमेजमध्येच असावी लागतात. नंतर टाकायला जागा नसते, म्हणूनच तर आपण पेन ड्राइव्ह लावतोय. लुसी काढून त्या जागी ही घ्या. जागा मिळाली म्हणून मग दहा सेवा चालू केल्या, की नाशिकच्या वाचकांच्या रांगेत येऊन बसाल.

प्रश्न: १९.०७.१० आता किती सुरक्षित? फेकायचं जिवावर येतं.
— एक वाचक, ठाणे

उत्तर: एप्रिल २०२२ नंतर सापडलेली कुठलीच भेग त्यात बुजवलेली नाही. नमुना म्हणून जानेवारी २०२१ चा ‘डीएनएसपूक’ घ्या. डीएनएसमास्कमधल्या त्या भेगा उघड झाल्या आणि १९.०७.६ मध्ये बुजवल्या गेल्या. तसं काही उद्या निघालं तर १९.०७ साठी कुणी दुरुस्ती काढणार नाही. इंटरनेटच्या तोंडावर हा राउटर ठेवू नका. फायबरवाल्यानं दिलेल्या राउटरच्या मागे, मागच्या खोलीत वायफाय पोहोचवायला ठेवा. तिथे डीएनएसमास्क, ओडीएचसीपीडी, फायरवॉल, पीपीपी यांतलं काहीच लागत नाही, आणि ३२ एमबी पुरून उरतात.

कृती: मुख्य राउटर १९२.१६८.१.१ वर आहे असं धरू. जुन्या राउटरचा लॅन पत्ता १९२.१६८.१.२ करा, गेटवे आणि डीएनएस १९२.१६८.१.१. लॅन इंटरफेसवर डीएचसीपी ‘इग्नोर’ करा. डीएनएसमास्क, ओडीएचसीपीडी आणि फायरवॉल या तिन्ही सेवा थांबवा आणि पुढच्या बूटला सुरू होणार नाहीत अशा बंद करा. एनक्रिप्शन डब्ल्यूपीए२-पीएसके, फक्त सीसीएमपी. मुख्य राउटरपेक्षा वेगळा चॅनल (१, ६, ११ पैकी), रुंदी २० मेगाहर्ट्झ. मुख्य राउटरकडून आलेली केबल लॅन पोर्टमध्ये खोचा, वॅनमध्ये नाही. निम्म्या लोकांचं घोडं इथेच अडतं. मुख्य राउटरचा डीएचसीपी .१०० पासून पुढे पत्ते देतो ना तेही पाहा, नाहीतर .२ कुणा फोनला मिळून दोघं भांडत बसतील.

प्रश्न: जुना ८४१एन विकत मिळतोय, व्हर्जन १४. नवीन व्हर्जन म्हणजे मेमरी जास्त असेल ना?
— एक वाचक, जळगाव

उत्तर: उलट. व्ही१३ मध्ये ८ एमबी फ्लॅश आणि ६४ एमबी रॅम होती, व्ही१४ पुन्हा ४/३२ वर आला. दोन्हींत मीडियाटेकचा एमटी७६२८ आहे, बाहेरून ओळखू येत नाहीत. दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नका, उलटा करून खालचं लेबल वाचा.

प्रश्न: राउटर उघडला, चिपवर आरटीएल८१९६ई लिहिलंय. ओपनडब्ल्यूआरटी?
— एक वाचक, वर्धा

उत्तर: नाही. रिअलटेकच्या या घराण्यात लेक्स्रा नावाचा प्रोसेसर गाभा आहे. तो एमआयपीएससारखा दिसतो, पण त्याच्या काही सूचना त्याला येत नाहीत, म्हणून मुख्य लिनक्स कर्नल त्यावर चालत नाही. मूळ फर्मवेअरमध्येच डीएचसीपी बंद करून, केबल लॅन पोर्टमध्ये लावून वापरा.